पद्माताईंचं काचेचं छत

माझ्या नणंदबाई पद्माताई हट्टी आहेत. हे आधीच सांगून टाकलं म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक केलं तरी मला कुणी भोळी समजणार नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पद्मा स्वभावाने चांगली आहे हो, फक्त तिच्यासमोर विमानांचा विषय काढू नकोस." मी कशाला काढते? पण दुसऱ्याच दिवशी सत्यनारायण होता. पद्माताई सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवत होत्या आणि वरून काहीतरी फडफडत गेलं. चमचाभर शिरा हातात धरून त्या थांबल्या, कान दिला, "चेतक हेलिकॉप्टर. नौदलाचं," म्हणाल्या आणि पुढच्या मावशींच्या हातावर प्रसाद ठेवला. पाहुण्यांपैकी कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही, इतकी सगळ्यांना सवय. मला मात्र कळून चुकलं की विषय कुणी काढावा लागत नाही, तो आभाळातून येतो.

पद्माताई टेलिफोन खात्यात होत्या. उमेदीची वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडण्यात गेली. पुढे खातं बदललं, कामं बदलली, कान मात्र तसेच तयार राहिले. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "राहून गेलं" एवढंच सांगतात. पुन्हा विचारलं तर मिग आणि सुखोई यांच्या इंजिनांतला फरक समजावून सांगायला घेतात. त्यानंतर कुणी विचारत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी नाहूरला छोटासा फ्लॅट घेतला. आम्ही मुलुंडला, म्हणजे भांडण झालं तर लगेच मिटवायला जाता येईल इतक्या जवळ.

हे वेड आलं कुठून, तेही मला सासूबाईंकडूनच कळलं. एकाहत्तरचं युद्ध सुरू झालं तेव्हा ही मंडळी घाटकोपरला चाळीत राहायची. दिवेलागणीला खिडक्यांना काळे कागद लागायचे, आणि भोंगा झाला की अख्खी चाळ चिडीचूप. पद्माताई तेव्हा चौथी-पाचवीत. सुबोध, म्हणजे माझा नवरा, अजून शाळेतही जात नव्हता. भोंगा झाला की तो थरथर कापायचा आणि वरून विमान गेलं की किंचाळायचा. मग पद्माताई त्याचं डोकं मांडीवर घ्यायच्या आणि सांगायच्या, "आपलंच आहे. झोप." तो झोपायचा. एके दिवशी मात्र त्याने डोळे उघडे ठेवून विचारलं, "तुला गं कसं कळलं?" कळत तर काहीच नव्हतं. त्या एवढ्याशा मुलीला वाटलं, आपण धाकट्या भावाला रोज खोटं सांगतोय, पाप लागेल. दुसऱ्या दिवसापासून ती वर्तमानपत्रातली विमानांची चित्रं बघायला लागली आणि शेजाऱ्यांच्या रेडिओला कान लावायला लागली. भावाला खरं सांगता यावं, एवढ्यासाठी. युद्ध दोन आठवड्यांत आटपलं, वेड राहिलं.

सुबोधला ही गोष्ट सांगितली की तो चिडतो. "काहीतरीच! मी कशाला घाबरतोय?" आज तो ऑफिसात चाळीस माणसं सांभाळतो, आणि घरात विमानांचा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढवतो.

काही वर्षांपूर्वी पद्माताईंच्या मानेचे मणके झिजले. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला आणि बजावलं, मान मागे टाकून वर बघायचं नाही, चक्कर येऊन पडाल. जिचं सगळं सुख डोक्याच्या वर, तिला हे सांगितलं. मी त्यांना आवडतात म्हणून दोन-तीनदा घावणे करून नेले. जेवताना बाहेर आवाज झाला की त्या ताटाकडे बघत विमानाचं नाव सांगायच्या आणि पुढचा घास घ्यायच्या. मला ते बघवेना. एरवी ज्यांच्याशी मी लोणच्यातल्या मिठावरूनही भांडले असते, त्यांच्याशी मी महिनाभर गोड वागले. त्यावरून काय ते समजा.

मग एका रविवारी त्या गाडी घेऊन आमच्या दारात हजर. जुनी, दुसऱ्याने वापरून विकलेली, चंदेरी रंगाची गाडी आणि तिच्या छताला ही एवढी मोठी काच. सनरूफ. "ये दीप्ती, बस," म्हणाल्या. सीटची पाठ पार मागे पाडली, आडव्या झाल्या आणि काचेखालचा पडदा सरकवला. मान सीटवर निवांत टेकलेली आणि डोळ्यांसमोर आभाळ.

"डॉक्टर म्हणाले, मान वर करायची नाही," पद्माताई म्हणाल्या. "आडवं पडायचं नाही असं कुठे म्हणाले?"

तेव्हापासून वर्षातून तीन-चारदा त्या गाडी घेऊन नाशिकपलीकडे ओझरला जायला लागल्या. तिथे लढाऊ विमानांचा कारखाना आहे आणि विमानं चाचणीसाठी वर जातात. रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीशी गाडी लावायची, सीट पाडायची आणि वाट बघत पडायचं. एकटीने. निघताना दर वेळी आम्हाला विचारायच्या, "येताय का?" आम्हाला दर वेळी काहीतरी काम असायचं. परत आल्या की पुढे आठवडाभर चेहरा असा उजळलेला असायचा की मी त्यांना दिलेल्या एकाही साडीने तो तसा उजळला नव्हता.

सुबोधही त्या गाडीची काळजी घ्यायचा, पण आपल्या पद्धतीने. वर्षभर फडकं लावणार नाही आणि दसऱ्याला मात्र साग्रसंगीत पूजा. गेल्या दसऱ्याला तर त्याने कहर केला. बॉनेटवर हार सगळेच घालतात, आपण छताला घालू, म्हणून काच उघडली, सीटवर उभा राहिला, कमरेपर्यंत छतातून वर आला आणि त्या चौकटीला झेंडूचा भलामोठा हार घातला. वर हळद, कुंकू, मूठभर अक्षता आणि आपट्याची पानं. मी खालून फोटो काढला. संध्याकाळी हार काढून काच बंद झाली ती झालीच. धूळ येते म्हणून पद्माताई काच कधी उघडत नसत. बघायला पडदा सरकवला की त्यांचं भागायचं.

जुलैत गाडी गळायला लागली.

आधी आरशाजवळच्या दिव्यातून एक थेंब, मग छताच्या कापडाला ओल, मग धारच. पद्माताई खांद्यावर पंचा टाकून गाडी चालवायला लागल्या. सिग्नलला पंचा पिळायचा आणि पुन्हा खांद्यावर टाकायचा. गाड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानदाराने काच न उघडताच तिच्या चारी बाजूंना सिलिकॉनचा लगदा भरला आणि म्हणाला, "आता खुशाल समुद्रात घाला." समुद्राची गरज पडली नाही. पुढच्याच सरीत पाणी आलं, आणि चिकटून बसलेली काच उघडेनाशी झाली ती वेगळीच.

आणि मग ऐरोलीच्या पुलावर, भर पावसात, गाडीचे दिवे गेले. छतातलं पाणी आत कुठल्यातरी वायरिंगपर्यंत पोचलं होतं. मागून ट्रक हॉर्न मारत होते, गाडी बंद, आणि पट्ट्यात मान अडकवलेली आमची बाई आत एकटी. सुबोधला फोन आला तसा तो रिक्षा पकडून धावला. दोघं परत आली तेव्हा नखशिखांत भिजलेली. सुबोधने चहाचा कप तसाच बाजूला सारला.

"बस झालं, ताई," तो म्हणाला. "त्या छतापायी तू एक दिवस जाशील. गणपती यायच्या आत एक तर ती काच काढून वर पत्रा मारून घे, नाहीतर गाडी विकून टाक. मी परत त्या पुलावर यायचा नाही."

"पत्रा मारला तर ओझरला जाऊन बघू काय? पत्रा?"

"काय वाट्टेल ते बघ. पण जिवंत राहून बघ."

त्याचंही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पद्माताईंनी वाद घातला नाही. पंचा खांद्यावर टाकला आणि घरी गेल्या. त्यांनी वाद घातला नाही म्हणजे त्या घाबरल्या होत्या.

कुंडलिकचं गॅरेज भांडुपच्या बाजूला, नाल्याला लागून आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्यांनी त्याचं नाव सांगितलं. वायरिंग वाळून गाडी पुन्हा सुरू झाल्यावर पद्माताईंबरोबर मीही गेले, कारण कुणीतरी शहाणं माणूस सोबत हवं. कुंडलिक पन्नाशी ओलांडलेला, मिशा पिकलेल्या, बोलायला सरळ. "मॅडम, काचेच्या छताची गाडी आपल्याकडं पहिलीच. बघतो, पण गॅरंटी बोलत नाय," असं त्याने आधीच सांगून टाकलं. मला माणूस आवडला. तेवढ्यात पद्माताईंचं लक्ष भिंतीकडे गेलं. गणपती, साईबाबा आणि त्यांच्या मधोमध एका लढाऊ विमानाचं चित्र.

"सुखोई," पद्माताई म्हणाल्या.

कुंडलिकच्या हातातला पाना तिथेच थांबला. "तुम्ही कसं ओळखलं?"

"तुम्ही का लावलंय?"

"मी निफाडकडचा, मॅडम. ओझर आमच्या शेजारी. असल्या विमानांच्या आवाजात लहानाचा मोठा झालो."

संपलं. गाडी कशाला आणली होती ते दोघंही विसरली. मी एका स्टुलावर बसून होते. गाडीच्या छतातून पाणी टपकत होतं आणि ही दोघं भांडत होती.

"सुखोई म्हणजे सुखोई, मॅडम. दोन इंजिनं. डोक्यावरून गेलं की छातीत धडधडतं."

"धडधडायला तुमच्या नाक्यावरची रिक्षा पुरते हो. देखणं कोण? मिग-एकवीस. साधं, सरळ, नुकतं टोक काढलेल्या पेन्सिलीसारखं."

"मिगचं कौतुक आम्हाला सांगू नका. आमच्या द्राक्षाच्या मळ्यावरून जायचं. आवाजानं आमची म्हैस दूध चोरायची. आजी आभाळाकडं बघून शिव्या घालायची."

"म्हशीला काय कळतंय?"

"म्हशीला नाय कळत, पण दूध तर तिच्याकडंच असतंय ना!"

त्यावर पद्माताई हसल्या. पुलावरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा. मी म्हशीचे मनातल्या मनात आभार मानले.

दुरुस्ती मात्र पुढे सरकेना. कुंडलिकला वाटलं, पाणी पुढच्या मोठ्या काचेच्या रबरातून येतंय. त्याने रबर बदललं. गळतं ते गळतंच. पद्माताईंना वाटलं, सनरूफच्याच कडेला कुठेतरी फट आहे. आणखी सिलिकॉन भरलं. एका कोपऱ्यात थांबलं, दुसऱ्यातून सुरू झालं. प्रत्येक खेपेला दुरुस्ती अर्धा तास आणि विमानं दोन तास, असा हिशेब. पद्माताई घरून विमानांची पुस्तकं न्यायच्या, कुंडलिक काळ्या हातांनी पानाला नुसतं कोपऱ्यात धरून बघायचा. कधी कधी मला वाटायचं, गाडी दुरुस्त होऊ नये अशीच या दोघांची इच्छा आहे की काय. पण नाक्यावर मंडपाचे बांबू पडले आणि पद्माताईंचं बोलणं कमी झालं.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्या गाडीतून उतरल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "कुंडलिकराव, पत्रा मारून टाका."

"काय बोलता, मॅडम?"

"सुबोधने गणपतीपर्यंतचीच मुदत दिलीय. आणि खरं सांगू? त्या पुलावर मीसुद्धा घाबरले होते. आता वय झालं. मिग तरी कुठे टिकलंय, तेही यंदा निवृत्त होतंय. त्याच्याबरोबर मीपण."

इतकी वर्षं ज्या हट्टाला मी नावं ठेवली, तो असा हातातून सुटलेला बघायचा नव्हता मला. कुंडलिकने चहा मागवला. तिघं बाकड्यावर बसून गाडीकडे बघत राहिलो. वातावरण हलकं करावं म्हणून तो म्हणाला, "मॅडम, एक विचारू? विमान कधी गळत असंल का?"

"गळतं की," पद्माताई म्हणाल्या. विषय विमानाचा, त्यामुळे उत्तर देणं आलंच. "मी एकदा प्रदर्शनाला गेले होते. विमानं मैदानात मांडून ठेवलेली, आदल्या दिवशी पाऊस झालेला. एकाच्या पोटाखाली टप टप पाणी पडत होतं. तिथे हवाई दलातला एक जवान उभा होता, त्याला म्हटलं, अरे, तुमचं विमान गळतंय. तो म्हणाला, काकू, गळतंय तेच बरं आहे. पाणी कुठून तरी शिरणारच, म्हणून पोटाला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. ती बुजली आणि पाणी आत राहिलं तर खरी…"

त्या थांबल्या. कुंडलिकने चहाचा ग्लास खाली ठेवला. दोघंही गाडीच्या छताकडे बघत होती.

"आपण पाणी आत येऊ नये म्हणून भांडतोय," कुंडलिक हळूच म्हणाला.

"आणि आलेलं पाणी जातं कुठून, ते बघितलंच नाही," पद्माताई म्हणाल्या. "कुंडलिकराव, याला भोकं असणार. असायलाच हवीत. काच उघडा आधी!"

सिलिकॉन खरवडून काढायला दुपार गेली. शेवटी कर्रकन आवाज करत काच मागे सरकली आणि आम्ही तिघांनी आत डोकावलं. पद्माताई पायरीच्या स्टुलावर उभ्या राहून, कारण खाली बघायला त्यांना डॉक्टरांची बंदी नव्हती. काचेच्या चौकटीभोवती बोटभर रुंदीची पन्हळ होती. पन्हळ असावी असं निदान वाटत होतं, कारण ती चिखलाने भरली होती. चिखलात कुजलेल्या पाकळ्या, लालसर झालेल्या तांदळांचा लगदा आणि एक अख्खं आपट्याचं पान. पुढच्या कोपऱ्यात, नेमकं जिथे पाणी जायचं भोक असावं तिथे, काचेखालून मिळेल तेवढ्या उजेडावर वाढलेली झेंडूची दोन नाजूक रोपं.

आम्ही तिघंही बघतच राहिलो. गाडीच्या छतात बाग! मी मोबाइल काढला, दसऱ्याचा फोटो शोधला आणि पद्माताईंच्या हातात दिला. त्यांनी फोटो बघितला, पन्हळ बघितली, पुन्हा फोटो बघितला.

"सुब्या," त्या म्हणाल्या. नवऱ्याचं हे नाव मी कित्येक वर्षांनी ऐकलं.

पन्हळ साफ झाली, पण भोकापासून खाली जाणाऱ्या नळ्याही तुंबलेल्या होत्या. कुंडलिक हवेचा पाइप घेऊन आला. पद्माताई म्हणाल्या, "नको, जोराने आतली नळी निसटली तर कुठे शोधणार?" तार घालावी तर नळी फाटायची भीती. आता इथे मी माझं थोडं कौतुक करून घेते. मी म्हटलं, "परकराच्या नेफ्यात नाडी ओवता येते, तर यात का नाही येणार?" शेजारच्या दुकानातून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली, टोक मेणबत्तीवर धरून गोल केलं आणि हलक्या हाताने सरकवत गेले. जरा अडली की मागे घ्यायची, फिरवायची, पुन्हा पुढे. जन्मभर नाड्या ओवल्या त्याचं सार्थक झालं. मग पद्माताईंनी तांब्याने पन्हळीत पाणी सोडलं. कुंडलिक चाकापाशी जमिनीवर आडवा झाला होता.

"आलं का?"

"नाय."

"आता?"

"नाय… थांबा… आलं! मॅडम, आलं! काळंकुट्ट येतंय!"

पद्माताई रिकामा तांब्या छातीशी धरून उभ्या होत्या. घरात मूल झाल्यासारखा चेहरा. झेंडूची दोन्ही रोपं त्यांनी चहाच्या ग्लासात मातीसकट ठेवली आणि घरी नेऊन कुंडीत लावली.

सुबोधला बोलावलं तेव्हा तो चालकाच्या सीटवर छत्री उघडून बसला. गाडीच्या आत, छत्री उघडून! कुंडलिकने वरून नळ सोडला. पाणी काचेवर नाचलं, पन्हळीत उतरलं आणि चारही चाकांजवळून मुकाट बाहेर गेलं. छत्री कोरडी. मग मी त्याला फोटो दाखवला आणि कुजलेली फुलं दाखवली. माझी अपेक्षा होती की तो ओशाळेल. तो उलट उखडला.

"मग काय करायचं होतं? हार काढताना फुलं गळत होती. देवाची फुलं खाली पडली असती तर पायाखाली आली असती ना! म्हणून मी ती त्या खाचेत नीट सारून ठेवली. अक्षतापण."

"सारून ठेवलीस?" पद्माताईंनी विचारलं.

"बोटाने. व्यवस्थित. एकही बाहेर दिसत नव्हतं."

कुंडलिक तोंड फिरवून खोकायला लागला. पद्माताई मानेचा पट्टा धरून हसल्या, दुखेपर्यंत हसल्या. सुबोधही शेवटी हसला, पण हट्ट त्यांच्याच घरातला. म्हणाला, "नळाचं पाणी वेगळं आणि पाऊस वेगळा. कसाऱ्याच्या घाटातून जाऊन दाखव. मी स्वतः मागे बसतो. आत एक थेंब पडला तर परत आल्यावर पत्रा."

पद्माताई इतकंच म्हणाल्या, "म्हणजे तू ओझरला येतोयस?"

तो छत्री मिटायला लागला.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही निघालो. पद्माताई गाडी चालवायला, शेजारी कुंडलिक, त्याला त्या बाजूला गावी जायचंच होतं. मागे आम्ही दोघं. सुबोधने रजा टाकली होती आणि शहापूरपासूनच छताखाली तळहात धरून बसला होता. जणू प्रसाद घ्यायला. घाटात पावसाने असं झोडपलं की पुढचा ट्रक दिसेना. पद्माताईंची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती. कुंडलिक तोंडातल्या तोंडात कुठल्याशा देवाला काहीतरी कबूल करत होता. घाट संपला, इगतपुरी आली. सुबोधने हात खाली घेऊन तळवा बघितला, पँटला पुसला. पुसायला काही नव्हतं. मग त्याने हात मांडीवर ठेवला आणि पुन्हा वर केला नाही.

टपरीशी पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता, पण ढग अगदी खाली आले होते. पद्माताईंनी सीटची पाठ मागे पाडली, ती थेट सुबोधच्या गुडघ्यांवर.

"पाय घे ना मागे."

"कुठे घेऊ? डिकीत?"

शेवटी तो पाय फाकवून बसला आणि त्याच्या ताईचं डोकं जवळजवळ त्याच्या मांडीवर आलं. केस पांढरे, गळ्याला पट्टा, डोळे छताच्या काचेकडे. काचेवर पावसाचे थेंब होते, आणि ते बाहेरच होते. आम्ही वाट बघत बसलो. चहा झाला, दुसरा झाला. सुबोध घड्याळ बघायला लागला. "ढग आहेत, ताई. आज काही उडत नाही. निघू या." पद्माताई म्हणाल्या, "थोडं थांब." त्यांच्या आवाजात मला एकदम ती सगळी वर्षं ऐकू आली, एकटीने इथे येऊन एकटीने थांबण्यात गेलेली. मला लाज वाटली, सरळ सांगते.

आवाज आधी कानांना नाही, पायांना कळला. मग तो वाढत गेला, वाढत गेला, टपरीवरचे ग्लास किणकिणले, गाडी थरथरली. कुंडलिकने नाव सांगायला तोंड उघडलं आणि पद्माताईंचा चेहरा बघून मिटलं. ढगांच्या एका फटीतून करडं, रुंद पंखांचं काहीतरी काचेवरून सरकलं आणि त्याच्यामागून आभाळ फाटल्यासारखा तो आवाज आला. मी सुबोधकडे बघितलं. चाळीस माणसं सांभाळणाऱ्या माझ्या नवऱ्याने सीटच्या दोन्ही कडा घट्ट पकडल्या होत्या आणि डोळे मिटले होते.

"ताई," तो म्हणाला, "आपलंच ना गं?"

ज्या बाईने जन्मात एकाही विमानाचं नाव सांगायचं सोडलं नाही, तिने ते त्या दिवशी सांगितलं नाही. हात डोक्यामागे नेला, त्याच्या गालावर ठेवला.

"आपलंच आहे," पद्माताई म्हणाल्या. "झोप."